मोठा आकडा स्वस्त का?

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा आहे आणि त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ लेन्स. यंदाच्या हिवाळ्यात भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचे फोटो काढायचं मनात आहे. दुकानात चौकशी केली तर ७५-३०० लेन्सचा भाव ५५-२५० पेक्षा बराच कमी निघाला. ३०० म्हणजे जास्त लांबचं दिसणार, मग ती स्वस्त कशी? आणि माझ्याजवळ पंधरा हजार रुपये आहेत, त्यात नेमकं काय घ्यावं?
– एक वाचक, बारामती

उत्तर : भाव बरोबरच सांगितलेत तुम्हाला. कॅननच्या लांब पल्ल्याच्या झूम लेन्समध्ये ७५-३०० ही सगळ्यांत स्वस्तांपैकी एक आहे. ती स्वस्त का, हे कळलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आधी त्या आकड्यांकडे बघू. २५० आणि ३०० हे मिलिमीटर आहेत, लेन्सचं नाभीय अंतर. ते जितकं जास्त, तितकी समोरच्या वस्तूची प्रतिमा सेन्सरवर मोठी पडते. हिशोब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे : नाभीय अंतराला पक्ष्याच्या उंचीने गुणायचं आणि पक्षी जितका लांब असेल त्या अंतराने भागायचं. मोठा रोहित साधारण १.३ मीटर उंच धरा आणि तो होडीपासून ६० मीटरवर उभा आहे असं समजा. २५० ने सेन्सरवर त्याची प्रतिमा ५.४ मिलिमीटर उंच येईल, ३०० ने ६.५ मिलिमीटर. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर १४.९ मिलिमीटर उंच आहे. म्हणजे पहिल्या लेन्सने पक्षी चौकटीची एक तृतीयांशाहून थोडी जास्त उंची व्यापतो, दुसरीने निम्म्याला थोडी कमी. फरक आहे, नाही असं नाही. पण तो वीस टक्क्यांचा आहे.

आता हेच गणित उलट्या बाजूने करून बघा. होडी ६० मीटरवरून ५० मीटरवर आली की २५० ची लेन्स अगदी ६.५ मिलिमीटरचीच प्रतिमा देते. ज्या पन्नास मिलिमीटरच्या जोरावर ७५-३०० विकली जाते, त्यांची किंमत भिगवणला होडीचे दहा मीटर एवढीच आहे. कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूने उजनीच्या पाण्यात होडी घेऊन जाणारे मच्छीमार तिथल्या पक्ष्यांना रोज बघतात. रोहित किती अंतरापर्यंत निवांत चरत राहतात आणि कुठल्या क्षणी माना वर करतात, हे त्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं माहीत असतं. पहाटे लवकर निघा, त्यांना घाई करायला लावू नका आणि ‘थवा उडवून दाखवा’ असं तर चुकूनही म्हणू नका. उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा असेल तर तो आपल्या मर्जीने उडेपर्यंत बसून राहायचं.

लहान पक्ष्यांच्या बाबतीत मात्र हा हिशोब निष्ठुर आहे. छोटा खंड्या जेमतेम १६ सेंटिमीटरचा. तो १० मीटरवर असेल तर २५० ने त्याची प्रतिमा ४ मिलिमीटरची येते आणि २४ मेगापिक्सेलमधून कापून घेतली तर चांगला फोटो निघतो. तोच खंड्या ६० मीटरवरच्या बाभळीवर बसलेला असेल तर २५० काय नि ३०० काय, ठिपकाच दिसणार. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघावं. दुकानात ‘किती एक्सचा झूम?’ असा प्रश्न हमखास कानावर पडतो, त्याचाही या सगळ्याशी संबंध नाही. ती फक्त मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागून येणारी संख्या आहे. तुमची १८-५५ तीन एक्स आहे, ७५-३०० चार एक्स आणि ५५-२५० साडेचार एक्स. यातून पक्षी किती मोठा दिसेल, हे मुळीच कळत नाही.

आता स्वस्ताईचं कारण. ७५-३०० ची आजही विकली जाणारी तिसरी आवृत्ती १९९९ सालची आहे. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म असायची. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची अख्खी चौकट भरेल एवढी प्रतिमा तिला पाडावी लागते. तुमचा सेन्सर त्या चौकटीपेक्षा बराच लहान असल्यामुळे त्या प्रतिमेचा मधलाच भाग तुमच्या कामाला येतो. तिच्या आराखड्याचा खर्च कधीच वसूल झालेला आहे, मोटर साधी आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यात हाताची थरथर सावरणारी यंत्रणा नाही. ३०० वर पूर्ण उघड्या छिद्राने काढलेला फोटो मोठा करून पाहिला की पिसांच्या कडा मऊ दिसतात आणि पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळट झालर उमटते. रोहित पांढरा-गुलाबी, मागे चकाकणारं पाणी. झालर उठून दिसायला याहून सोयीची जागा नाही. एफ/८ ते एफ/११ पर्यंत छिद्र बारीक केलं तर पुष्कळ सुधारणा होते, पण तेवढा उजेड आणि तेवढा वेग दोन्ही एकत्र मिळणं पहाटे कठीण.

गंमत म्हणजे, थरथर सावरणारी यंत्रणा बसवलेली जगातली पहिली सुटी लेन्स कॅननचीच होती, १९९५ सालची, आणि तिचाही पल्ला ७५-३०० हाच. म्हणजे याच पल्ल्याच्या लेन्समध्ये कंपनीने तीस वर्षांपूर्वी जे जमवून दाखवलं, ते स्वस्त भावंडाला अजून दिलेलं नाही. २०२५ मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांसाठी ७५-३०० नव्याने आली, तिच्यातही ते नाही. मला यात कंपनीचा हिशोब कळतो, पण ग्राहकाचा कळत नाही. लांब पल्ल्याच्या लेन्सवर ज्याला या यंत्रणेची सर्वांत जास्त गरज, तो नवशिक्याच ही लेन्स घेतो.

थरथरीचं एवढं कौतुक का, तेही सांगतो. फिल्मच्या काळापासून चालत आलेला एक ठोकताळा आहे : हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग निदान ‘एक भागिले नाभीय अंतर’ असावा. लहान सेन्सरवर या अंतराला १.६ ने गुणायचं. २५० च्या लेन्ससाठी तो १/४०० सेकंद होतो, ३०० साठी १/४८०. ढगाळ सकाळी एफ/५.६ वर एवढा वेग मिळवायचा तर आयएसओ वर न्यावा लागतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात. ५५-२५० च्या नव्या आवृत्तीतली स्थिरीकरणाची यंत्रणा साडेतीन पायऱ्यांचा (दर पायरीला वेग निम्मा) आधार देते असं कंपनी म्हणते. म्हणजे कागदावर १/४०० ऐवजी १/३५ च्या आसपासही हात स्थिर राहील. प्रत्यक्षात दोन-अडीच पायऱ्या धरा, तरीही ती मोठी मदत आहे. आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही : डोळा लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र नाचायचं थांबतं, त्यामुळे पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस धरणं सोपं जातं.

यंत्रणा एक गोष्ट मात्र करू शकत नाही. ती तुमचा हात सावरते, पक्ष्याचे पंख नाही. उडणाऱ्या रोहितसाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त वेग हवाच. होडीवरही थोडं असंच आहे. होडी डुलते तेव्हा सगळी चौकटच झोके घेते, आणि ते झोके हाताच्या बारीक थरथरीपेक्षा मोठे असतात. म्हणून तिथे यंत्रणा चालू ठेवूनही १/८०० च्या खाली उतरू नये. तिपाई होडीत नेऊ नका. तिचे तिन्ही पाय होडीबरोबरच हलतात. मांडीवर कोपर टेकवून, श्वास अर्धा सोडून बटण दाबलेलं बरं.

मग उजेड जास्त घेणारी लेन्स का घेऊ नये? कारण तिथे काचेचा प्रश्न येतो. नाभीय अंतराला छिद्राच्या आकड्याने भागलं की लेन्सच्या तोंडाशी प्रकाशाला निदान किती रुंद वाट लागते ते कळतं. २५० ला ५.६ ने भागा : ४५ मिलिमीटर. ३०० एफ/२.८ साठी हीच वाट १०७ मिलिमीटर होते. तेवढ्या व्यासाची निर्दोष काच घासायची, तिच्यामागे रंगदोष काढणाऱ्या खास काचा बसवायच्या, सगळं धातूच्या नळीत पेलायचं. किंमत लाखांत आणि वजन किलोत जातं ते यामुळे. तुमच्या-माझ्या खिशासाठी एफ/५.६ हा निसर्गाने घातलेला तह आहे. तो मान्य करायचा आणि उजेड चांगला असेल तेव्हा पक्ष्यांकडे जायचं. भिगवणला तसेही सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तासच खरे. ऊन चढलं की तापलेली हवा लहरायला लागते आणि दूरचा पक्षी पाण्यात बुडालेल्या नाण्यासारखा थरथरता दिसतो. त्याला कुठल्याच लेन्सकडे इलाज नाही.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे : ५५-२५० घ्या, आणि पंधरा हजारांत बसवायची तर वापरलेली घ्या. पण तिच्या तीन आवृत्त्या आहेत. पहिली २००७ ची, दुसरी २०११ ची, आणि तिसरी २०१३ ची, जिच्या अंगावर ‘एसटीएम’ ही अक्षरं असतात. तिन्हींत स्थिरीकरण आहे. पहिल्या दोघींची मोटर घरघरते आणि संथ आहे, फोकस करताना पुढचं तोंड फिरतं, आणि तीक्ष्णताही तिसरीच्या तोडीची नाही. तिसरी जवळपास आवाज न करता फोकस करते, तिचं तोंड फिरत नाही आणि वजन फक्त ३७५ ग्रॅम. जाहिरातीत ‘५५-२५० आयएस’ एवढंच लिहिलं असेल तर लेन्सचा फोटो मागा आणि ती तीन अक्षरं स्वतः वाचा. एसटीएमच्या भावात जुनी आवृत्ती विकण्याचा उद्योग सर्रास चालतो.

वापरलेली लेन्स घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा, एक रिकामं मेमरी कार्ड आणि एक टॉर्च बरोबर न्या. टॉर्चचा झोत मागून तिरका टाकून पुढून आत बघा. धुळीचे चार कण असले तरी बिघडत नाही, ते प्रत्येक लेन्समध्ये असतात. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर तो फंगस. मुंबई आणि कोकणातून आलेल्या लेन्समध्ये तो विशेष बघावा, कारण तिथला पावसाळा काचेवरही बुरशी धरतो. साफ करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. काचेवरचा थर एकदा खाल्ला गेला की तो परत येत नाही. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा एक वेळ चालेल, मागच्या काचेवरचा नाही. मग लेन्स कॅमेऱ्याला लावून एखाद्या विटांच्या भिंतीचा फोटो काढा. २५० वर, एफ/५.६, भिंतीसमोर नीट सरळ उभं राहून. तो स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे ताडून पाहा. एक कोपरा इतर तिघांपेक्षा ठळकपणे धूसर असेल तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे, आतली काच सरकलेली आहे. शेवटी यंत्रणा बंद करून आणि चालू करून, २५० वर १/६० ने चार-चार फोटो काढा. फरक दिसला नाही तर यंत्रणा मेली आहे. हे सगळं करू न देणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून परत यावं.

लेन्सबरोबर काय घ्यावं? हूड. तो कॅनन वेगळा विकते, पण चांगल्या प्रतीचा दुसऱ्या कंपनीचाही चालतो. कडेने येणारं ऊन अडलं की रंग लगेच घट्ट होतात. काय घेऊ नये? लेन्सच्या तोंडावर आटे फिरवून बसवायची ती ‘दोन एक्स टेली’ काच. ती फोटो दुप्पट मोठा करते आणि दुप्पट वाईटही. स्वस्त यूव्ही फिल्टरही टाळा. लांब पल्ल्यावर त्याच्या सपाट नसलेल्या काचेने तीक्ष्णता जाते. त्यापेक्षा हूड धक्क्यांना आणि बोटांना जास्त चांगला अडवतो.

तुमच्या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत. त्यांतला मधला एकटाच आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा ओळखतो. पक्ष्यांसाठी तो एकच चालू ठेवा, बाकीचे बंद. आणि रोहित नसतील त्या महिन्यांत लेन्स पेटीत ठेवू नका. ही लेन्स ८५ सेंटिमीटरवरून फोकस करते, ७५-३०० ला दीड मीटर लागतात. ८५ सेंटिमीटरवर २५० ने साधारण आठ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य चौकट भरतं. म्हणजे चतुर, टोळ, कासच्या पठारावरची फुलं, फुलपाखरं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत तर एवढं मोठं, की त्याच्यासाठी आणखी मागेच सरकावं लागेल.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण विचाराल : उद्या मिररलेस घेतला तर ही लेन्स वाया जाईल का? नाही. कॅननचा अॅडॉप्टर मिळतो, त्याने ती आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर फोकस आणि स्थिरीकरणासह चालते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तो कॅमेरा आपोआप मधला भागच वापरतो, एवढंच.

प्रश्न : माझा निकॉन डी३२०० आहे. मित्राने त्याची ७०-३०० लेन्स स्वस्तात देऊ केली, पण ती लावली तर फोकसच होत नाही. लेन्स बिघडली आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. लेन्सवरची पहिली अक्षरं वाचा. ‘एएफ-पी’ असेल तर ती २०१६ मध्ये आलेल्या नव्या मोटरच्या जातीची आहे, आणि डी३१००, डी३२००, डी५१००, डी७०००, डी९० या जुन्या कॅमेऱ्यांना ती मोटर चालवताच येत नाही. हाताने फोकस करावा तर तोही होत नाही, कारण तिचं फोकसचं कडंसुद्धा विजेवरच चालतं. मित्राला साभार परत करा. तुमच्या कॅमेऱ्याला ‘एएफ-एस’ अक्षरांची लेन्स लागते : ५५-२०० किंवा ५५-३००, दोन्ही व्हीआर (म्हणजे निकॉनचं स्थिरीकरण) असलेल्या. नुसतं ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ लिहिलेली जुनी लेन्स लावू नका; तिच्या फोकससाठी कॅमेऱ्यातच मोटर असावी लागते आणि ती डी३२०० मध्ये नाही. नवा कॅमेरा असलेल्यांसाठी एक सूचना : लहान सेन्सरसाठीची एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारांत मिळते, व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय. दिसायला जुळ्या. कॅननबद्दल वर जे सांगितलं ते इथेही लागू आहे.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगांचे फोटो मी काढते. मागच्या रांगेतून चेहरे जवळ दिसावेत म्हणून ५५-२५० घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नको. रंगमंचावर अडचण अंतराची नसते, उजेडाची असते. नटाचा हात हलतो, मान वळते. ती हालचाल धरायला निदान १/१२५ ते १/१६० सेकंद हवेत आणि एफ/५.६ वर तेवढा उजेड नाट्यगृहात मिळत नाही. ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या. कॅननची २०१५ सालची ही लेन्स या झूमपेक्षा बरीच स्वस्त आहे आणि जवळपास दहापट जास्त प्रकाश घेते. फक्त मागच्या रांगेतून उठून पुढे या. रंगमंचापासून दहा मीटरवर बसलात तर ती साधारण साडेचार मीटर रुंदीचं दृश्य टिपते, म्हणजे दोन पात्रांचा प्रवेश नीट मावतो. एकट्या चेहऱ्यासाठी ८५ एफ/१.८ लागेल, पण ती पुढच्या वर्षी. कॅमेऱ्याचा शटर प्रेक्षकांना ऐकू जातो, म्हणून शक्यतो रंगीत तालमीलाच सगळे फोटो उरकून घ्या. त्या दिवशी दिवेही प्रयोगासारखेच असतात आणि दिग्दर्शकाला विचारून विंगेतही उभं राहता येतं.